रेडिओवर 'मे' म्हणायचं नाही

बारा वर्षं मी डोंगराकडच्या शाळेत
कॅन, कुड, मे, माइट शिकवलं.
फळ्यावर उभी यादी, बाहीवर खडू,
आणि पोरं एका सुरात:
मे म्हणजे परवानगी. मे म्हणजे शक्यतासुद्धा.
"दोन्ही कसं, मॅडम?" असं कुणी विचारलंच
तर मी म्हणायचे, संदर्भ बघा.

आता इलोइलोच्या नाविक शाळेत
पांढऱ्या गणवेशातली चाळीस पोरं,
आणि माझं काम नेमकं उलटं:
मीच घातलेले टाके उसवायचे.
जहाजाच्या रेडिओवर मे चालत नाही.
माइट नाही, शुड नाही, कुड तर नाहीच नाही.
धुक्यात दोन जहाजं समोरासमोर असताना
संदर्भ बघायला सवड कुणाला?

"मे आय एंटर द फेअरवे?"
जेरविन विचारतो, आईने शिकवलंय तितक्या अदबीने.
बुडालास, मी म्हणते.
पलीकडच्याला कळलंच नाही
तू परवानगी मागतोयस
की आत शिरायचं नुसतं मनात घोळवतोयस.
आधी सांग, हा प्रश्न आहे.
मग विचार: मला परवानगी आहे का?

"तुम्ही धोक्यात असू शकता"
हे सभ्य माणसाचं वाक्य झालं.
खडक सभ्य नसतो.
इशारा, असं म्हण. मग थांब. मग सांग:
तुम्ही धोक्यात शिरत आहात.

मागच्या बाकावरून एर्नेल:
"मॅडम, मग मुलीला कसं विचारायचं?"
वर्ग फुटतो. मीही ओठ चावत म्हणते,
प्रश्न. तू माझ्याबरोबर ला पाझला
बॅचॉय खायला येणार आहेस का? ओव्हर.
"आणि ती 'बासी' म्हणाली तर?"
बासी. आमच्या भाषेतलं होईलही, न होईलही.
ह्या शब्दावर आमचं अर्धं शहर उभं आहे.
त्याला रेडिओत जागा नाही,
एवढंच मला सांगता येतं.

ताताय, माझे वडील, इंजिनखोलीत तेल घालायचे.
डर्बनहून त्यांचं कार्ड आलं होतं:
आय मे बी होम फॉर दिनाग्यांग.
नववीत होते मी. ते कार्ड
व्याकरणाच्या वहीत डकवलं, उदाहरण म्हणून,
आणि खाली शाईने लिहिलं: शक्यता.
दोनदा अधोरेखित.

जानेवारीत रस्तोरस्ती ढोल वाजले.
ते आले दोन वर्षांनी, मार्चमध्ये,
चॉकलेटचा डबा आणि एक खोकला घेऊन.
आता वाटतं, ती परवानगी असावी.
कुणी कप्तानाने दिलेली,
आणि कार्ड पोस्टात असतानाच काढून घेतलेली.
मी विचारलं नाही.
ते जेवले, मग दुपारभर झोपले,
आणि मला ती वही दाखवायची लाज वाटली.

आज रात्री उत्तरपत्रिका.
प्रश्न चौथा: खालील वाक्यातली संदिग्धता काढा.
आय माइट मिस माय मदर.
अपेक्षित उत्तर सोपं आहे:
माहिती. मला आईची आठवण येईल.

जेरविनने लिहिलंय:
इशारा. मला आईची आठवण येते आहे.

सुरुवातीचा शब्द चुकला.
काळही बदलला, तो कुणी बदलायला सांगितला नव्हता.
खिडकीबाहेर गिमारासची शेवटची होडी
भोंगा देऊन निघून गेली.
लाल पेन उघडंच आहे.
अर्धा गुण कापायला हवा.
हवा, म्हणजे शुड की मस्ट,
ते ठरेपर्यंत
पुढची पत्रिका घेते.